ताराचं

रवींद्र भालेरावच्या नाकाची ख्याती अख्ख्या आगारात होती. भिवंडी-वज्रेश्वरी गाडीवर तो अकरा वर्षं कंडक्टर होता आणि कुणाच्या पिशवीत काय आहे, हे पिशवी न उघडता सांगायचा. अनगावला चढलेल्या बाईच्या टोपलीत सुकट आहे की बोंबील, दुगाड फाट्याच्या मास्तरांच्या डब्यात आज मेथी आहे की शेपू, हे त्याला तिकीट फाडता फाडता कळायचं. "मास्तर, आज शेपू?" असं त्याने मोठ्याने विचारलं की मास्तर खिडकीबाहेर बघायला लागायचे.

गणपती जाऊन आठ दिवस झाले असतील. सकाळची सव्वानऊची गाडी होती. आगारातच एक म्हातारी चढली. हिरवं लुगडं गुडघ्यापाशी कसून नेसलेलं, पाठ ताठ, आणि मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. रवींद्र जवळ येताच तिने न विचारता आधार कार्ड पुढे केलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. त्याने कार्डावरचं जन्मसाल तेवढं बघितलं, शून्याचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि पुढे सरकायला म्हणून पाय उचलला, तो तसाच राहिला.

वास आला होता.

आधी वाटलं, पिकलेला आंबा. पण भाद्रपदात आंबा कुठला? मग वाटलं फणस. तोही नव्हे. त्या वासात गोडवा होता आणि गोडव्याच्या पाठीमागे काहीतरी रानटी होतं, पावसात भिजून उन्हात तापलेल्या झाडाच्या सालीसारखं. अकरा वर्षांत एवढे डबे त्याच्या नाकाखालून गेले, पण हा वास त्याला नवा होता.

नदी नाका गेला, शेलार गेलं, कवाड गेलं. तिकिटं देऊन झाली तरी रवींद्र त्या सीटच्या आसपास घुटमळत राहिला. शेवटी म्हातारीच म्हणाली, "नाक लय चालतंय तुजं."

"आजी, डब्यात काय आहे?"

तिने फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि केळीच्या करपलेल्या पानात गुंडाळलेला चपटा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. पान सोललं तर आत गडद केशरी रंगाची, जाडसर, ओलसर वडी. त्याने अर्धी तोंडात टाकली. आधी गूळ लागला, मग खोबरं, मग ते वासातलं जे काही होतं ते सगळ्या तोंडात पसरलं, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या टोकाला किंचित कडवट चव राहिली. कडवट, पण नकोशी नव्हे. उलट तिच्यामुळे दुसरा घास घ्यावासा वाटला.

"गोर लागतंय ना?" म्हातारीने विचारलं.

गोर म्हणजे गोड, हे काही त्याला कुणी सांगायला नको होतं. आगरी बोली ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता. तो मान हलवून काही विचारणार, तेवढ्यात अंबाडी नाका आला आणि कॉलेजची पोरं चढली. मग पुढे वज्रेश्वरीपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. शेवटच्या थांब्यावर गर्दी उतरत असताना त्याला हिरवं लुगडं दारात दिसलं.

"आजी! कशाचं होतं ते?" तो ओरडला.

म्हातारीने मागे बघितलं. गाडीचं इंजिन धडधडत होतं, बाहेर रिक्षावाले कुंडांच्या नावाने गिऱ्हाइकं बोलावत होते. "ताराचं!" ती म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

ताराचं? रवींद्र बराच वेळ दारात उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रवाशांना विचारायचा सपाटा लावला. केशरी वडी, केळीच्या पानात भाजलेली, गुळाची, शेवटी जरा कडवट, आणि नाव 'ताराचं'. गाडीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"तारेवर भाजलेलं असेल," दुगाड फाट्याचे मास्तर म्हणाले. "तारेची जाळी असते ना, वांगं भाजतात तसली."

"तारा नावाच्या बाईचं असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "ताराचं हॉटेल, ताराचा वडा, तसं ताराचं."

अंबाडीच्या दवाखान्यातली नर्स मात्र ठामपणे म्हणाली, "पाकाची तार हो! एकतारी पाक, दोनतारी पाक. पाकातली वडी आहे ती. पाक जरा पुढे गेला की कडवट होतो, म्हणून कडवट लागली तुम्हाला."

हे रवींद्रला पटलं. पण केशरी काय होतं? त्यावर प्रत्येकाने आपापल्या घरचं काही सांगितलं. एकीने भोपळ्याचे घारगे सांगितले, दुसरीने मोठ्या काकडीचं तवसाळं सांगितलं, तिसरीने डब्यातल्या आंब्याच्या रसाचं सांदण. कंडक्टर गोडाधोडाबद्दल विचारतोय म्हटल्यावर ज्यांना कुणी कधी काही विचारत नव्हतं तेही बोलायला लागले. कवाडच्या एका आजोबांनी गवती चहा उकळून गार करायचा, त्यात लिंबू पिळून मध घालायचा, असं सरबत सांगितलं. एका मुलीने नाचणीचं पीठ रात्री भिजवून सकाळी गूळ-वेलची घालून शिजवायचं आणि माठातल्या पाण्यासारखं गार करून प्यायचं, ते सांगितलं. रवींद्रने सगळं तिकिटांच्या कोऱ्या गुंडाळीच्या मागे लिहून घेतलं.

रवींद्र आणि ललिता कामतघरला दोन खोल्यांत राहत. मुलगी लग्न होऊन बदलापूरला. ललिता धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात कापड तपासायला होती. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर पसरायचा आणि तुटलेला धागा, सुटलेली गाठ, दुहेरी ओढलेला धागा बोटाने शोधायचा, हे तिचं काम. भिवंडीत कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून रवींद्रनेही आपली रजा शुक्रवारीच मागून घेतली होती. त्या शुक्रवारी ललिता झोपून उठली तर नवरा ओट्यापाशी उभा राहून भोपळा किसत होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि चहा सोडून त्याने गॅसवर कधी काही ठेवलं नव्हतं.

"अहो, बरं वाटत नाही का?" तिने विचारलं.

"शोध चाललाय," तो म्हणाला.

भोपळ्याचं झालं, ते चांगलं झालं, पण ते भोपळ्याचं होतं. वास नव्हताच. पुढच्या शुक्रवारी काकडीचं केलं. ललिताने दोन तुकडे आवडीने खाल्ले. रवींद्रने वास घेऊन ताट बाजूला सरकवलं. मग आंब्याच्या रसाचं केलं आणि नर्सबाईंचा एकतारी पाक त्यात घातला. पाक एकतारीवरून दोनतारीवर गेला, दोनतारीवरून कुठे गेला कुणास ठाऊक, आणि थंड झाल्यावर ती वडी सांडशीने फोडावी लागली. त्यातल्या त्यात सरबतं जमली. गवती चहाचं लिंबू घातलेलं पाणी ललिता आता रोज बाटलीत भरून कामावर न्यायला लागली होती.

"मी काय म्हणते," तिसऱ्या शुक्रवारी ती त्या दगडी वडीकडे बघत म्हणाली, "त्या आजी परत भेटल्या नाहीत?"

"नाही ना. रोज बघतो. कार्डावर गावाचं नाव होतं, पण आपण फक्त साल बघतो. एवढी वर्षं कार्डं बघतोय, पत्ता एकाचाही वाचला नाही."

"आणि ती वडी? सगळी खाल्लीत?"

सगळी खाल्ली नव्हती. अर्धी वडी त्याने त्याच दिवशी कागदात बांधून घरी आणली होती, ललिताला चाखायला म्हणून, आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात विसरला होता. आता काढली तर ती सुकून खडा झाली होती. कागदाला तेलाचे डाग पडले होते. ललिताने ती खिडकीशी नेली, नखाने टोकरली आणि एकदम थांबली.

"याच्यात धागा आहे."

"आंब्याचा असेल. मला पण दातात अडकला होता."

ललिताने तो धागा दोन बोटांत धरून ओढला. बोटाएवढा लांब, सोनेरी, केसाहून जरा जाड. तिने तो वाकवला. सोडल्याबरोबर धागा ताठ झाला.

"आंब्याचा धागा असा उभा राहत नाही," ती म्हणाली. "तो ओला असला की मऊ पडतो आणि सुकला की मोडतो. हा बघा, वाकवला की परत सरळ होतो. ब्रशच्या केसासारखा. हा काथ्याच्या जातीचा आहे."

"म्हणजे नारळ?"

"नारळाचा असा पिवळा कुठे असतो? पण नारळाच्या घराण्यातलं काहीतरी. खजुरी, शिंदी, सुपारी..." ती थांबली. मग तिने कपाळावर हात मारला. "अहो, त्या आजी आगरी होत्या ना? गोडाला काय म्हणाल्या?"

"गोर."

"घोड्याला काय म्हणतात?"

"घोरा."

"मग ताडाला?"

रवींद्रने तिच्या हातातून धागा ओढून घेतला. ताडाचं! गोर ऐकून त्याच्या मनाने आपोआप गोड केलं होतं आणि ताराचं मात्र तारेतच अडकून बसलं होतं. "कान आहेत का तिकिटाची भोकं?" ललिता हसत सुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हसणं थांबेना.

पण कोडं अर्धंच सुटलं होतं. ताडगोळे रवींद्रने जन्मभर खाल्ले होते, उन्हाळ्यात, पांढरे, लुसलुशीत, आत पाणी असलेले. त्यात केशरी काही नव्हतं आणि वास तर मुळीच नव्हता. संध्याकाळी दोघं धामणकर नाक्यावर लडकूकडे गेली. लडकू उन्हाळ्यात ताडगोळे विकायचा आणि बाकीचं वर्ष त्याच हातगाडीवर मक्याची कणसं भाजायचा. रिक्षांच्या भोंग्यांत त्याला प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"पिकलेला तारगोला?" त्याने कणीस फिरवत विचारलं. "तो कोन खातंय? आम्ही कवला असतानाच उतरवतो. झारावर ऱ्हायला तर भादवा-आश्विनात पिकून काला होतो, पडतो धप्पकन. आतून पिवला, वास सुटतो गावभर. गुरं खातात."

"माणसं नाही खात?"

"खायची पयले." लडकूने कणसाला मीठ-लिंबू चोळलं. "आता अंजूरला एक म्हातारी हाय, बकुला आजी. ती गोला करते. लोक हसतात तिला. खारीच्या वाटेला गोडाऊन हायेत, तिकरं विचारा."

दुसरा दिवस शनिवार, दोघांची ड्युटी. मग पुढचा शुक्रवार येईपर्यंत रवींद्रला चैन पडेना. गाडीत मास्तरांनी विचारलं, "लागला का शोध?" तर तो म्हणाला, "वाटेवर आहे," आणि पुढच्या सीटकडे वळला. नर्सबाईंना त्याने दगडी वडीबद्दलही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी शेअर रिक्षाने दोघं अंजूर फाट्यावर आणि तिथून दुसऱ्या रिक्षाने गावात गेली. गाव म्हणायला अर्धंच उरलं होतं. रस्त्याच्या एका बाजूला घरं, देऊळ, थोडी भाताची शेतं. दुसऱ्या बाजूला निळ्या पत्र्यांची गोडाऊनं आणि त्यांच्या दारात उभे कंटेनर. खाडीच्या बाजूला एका गोडाऊनच्या कुंपणामागे चार ताड उभे होते, आणि त्या ताडांच्या खाली, पाठ ताठ ठेवून, हिरव्या लुगड्यातली म्हातारी काठीने गवत बाजूला करत होती.

वास रस्त्यापर्यंत आला होता.

"आजी!" रवींद्रने हाक मारली. "ओळखलं का? वज्रेश्वरीची गाडी. तुम्ही मला ताराचं दिलं होतं."

बकुळा आजीने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "नाकवाला!" ती म्हणाली.

तिच्या पायाशी काळीभोर, नारळाएवढी दोन फळं पडली होती. एक फुटलं होतं आणि आतून केशरी केस बाहेर आल्यासारखे दिसत होते. रवींद्रने गुडघ्यावर बसून वास घेतला आणि डोळे मिटले. ललिताने बोटाने एक धागा ओढून बघितला आणि स्वतःशीच मान हलवली.

"इतकं लांबून आलास? याच्यासाठी?" आजीला खरं वाटेना.

"कसं करतात ते बघायचंय."

आजीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कनच्या गावचा तू? आरनाव काय?"

हा प्रश्न रवींद्रला नवा नव्हता. गावात कुणाच्या दारात उभं राहिलं की तो यायचाच, कधी लगेच, कधी पाणी देण्याच्या आधी. "भालेराव," त्याने सांगितलं. "आम्ही बौद्ध. भिवंडीचेच, कामतघरचे." आणि तो थांबला. ललितानेही पदर नीट केला.

आजीने खाली वाकून एक फळ उचललं आणि त्याच्या हातात दिलं, दुसरं ललिताच्या. "माजी सासू असती तं तुमाला ओट्यावर बसवलं असतं," ती म्हणाली. "ती न्हाय आता. चला, चुलीशीच चला. बाहेर बसून काय दिसनार हाय?"

घर सिमेंटचं, दुमजली होतं. तिचा मुलगा भूपेश गोडाऊनांची भाडी बघायचा. तो दारात भेटला, मोबाइलवर बोलत होता. "आईचं ताड का? तुम्हीच खा बाबा, आमची पोरं तर नाक धरून पळतात," असं हसत म्हणून तो गाडीत बसून गेला. स्वयंपाकघरात गॅस होता, पण मागच्या पडवीत आजीने आपली चूल ठेवली होती. तिने आधी दोघांना तांब्यातून पेल्यात काहीतरी तपकिरी ओतून दिलं. चिंच भिजवून, गूळ घालून, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. ललिताने एका दमात पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला.

मग काम सुरू झालं. आजीने फळाची काळी साल हाताने सोलली, आतले तीन बाठे वेगळे केले आणि तांदूळ धुवायची बांबूची रोवळी पालथी घालून तिच्या पाठीवर एकेक बाठा घासायला लागली. केशरी गर काड्यांमधून खाली गळत होता आणि केस बाठ्याला तसेच चिकटून राहत होते. रवींद्रने एक बाठा घेतला. पाच मिनिटांत त्याचे दंड भरून आले.

"जोर लाव," आजी म्हणाली. "बसची घंटी वाजवतंस तसा न्हाय."

ललिताने बोटाने गर चाखला आणि तोंड वाकडं केलं. "किती कडू!"

"करूच असतो. त्याला टांगावा लागतो." आजीने पडवीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला एक फडकं बांधलेलं होतं आणि त्याखाली पातेल्यात पिवळं पाणी साठलं होतं. "हा कालचा. रातभर टांगला की करू पानी खाली उतरतं. आपन आज हा वापरू, आनि हा उद्यासाठी टांगू."

"सगळं कडू जातं?"

"सगलं काढायचं न्हाय." आजीने फडकं सोडलं, गर परातीत काढला आणि बोटाने चाखून बघितला. "थोरं ठेवायचं. सगलं करू पानी कारून टाकलं तं मंग तार कशाला पायजे? पिकलेलं केलं घाल नि कर."

रवींद्रला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की त्याने ते ललिताला पुन्हा सांगितलं, जणू तिने ऐकलंच नव्हतं. जिभेच्या मागच्या टोकाची ती चव चूक नव्हती. मुद्दाम ठेवलेली होती.

गरात तांदळाचं जाडसर पीठ, किसलेला गूळ, ओलं खोबरं आणि चिमूटभर मीठ पडलं. केळीच्या पानावर थापून, पान दुमडून, चुलीवरच्या तव्यावर ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. वास पसरायला लागला तसा रवींद्र झाकणाभोवती घिरट्या घालू लागला. आजीने त्याला दोनदा हटकलं. पान उघडलं तेव्हा आतली वडी गडद केशरी होती, कडेला जरा तपकिरी. ललिताने पहिला घास खाल्ला. बराच वेळ चावत राहिली.

"आता कळलं," ती नवऱ्याला म्हणाली, "तीन शुक्रवार का वाया घातलेत ते."

"आजी, याचं नाव काय?" रवींद्रने विचारलं.

"नाव?"

"म्हणजे, पाटवडी, पानगी, असं काही नाव असेल ना."

आजीने विचार केला. "ताराचं," ती म्हणाली. "आज ताराचं करायचं, असंच म्हनायचो. नाव कशाला पायजे? ज्याला द्यायचं त्याला ठावंच असायचं." मग जरा थांबून तिने सांगितलं, "आता फक्त माजी पोर खाते. वज्रेश्वरीला दिलीय. तिच्यासाठीच नेत होते."

निघताना तिने दोघांना तीन पिकलेली फळं दिली. घरी रवींद्रने दुसऱ्याच दिवशी ड्युटीवरून आल्यावर रोवळी आणली, दंड भरून येईपर्यंत बाठे घासले आणि मग उतावळेपणाने गर टांगायचा वेळ निम्म्यावर आणला. ती पहिली खेप इतकी कडू झाली की ललिताने पाणी पिऊन, साखर खाऊन, पुन्हा पाणी पिऊन त्याच्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या खेपेला त्याने फडकं रात्रभर टांगलं. या वेळी जमलं. आजीच्या हाताचं नव्हतं, पण ताराचंच होतं. दुगाड फाट्याच्या मास्तरांनी चाखलं आणि चक्क दुसरं मागितलं. नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे पाक नाहीच?" आणि त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

चार वड्या ललिता डब्यातून कारखान्यात घेऊन गेली. दुपारच्या सुट्टीत बायका जेवायला बसल्या होत्या. तिच्या शेजारच्या टेबलावर मिनती म्हणून एक ओडिशाची बाई होती, नवरा त्याच कारखान्यात लूमवर. दोन वर्षं शेजारी बसून दोघींचं बोलणं धाग्यांपुरतंच व्हायचं. ललिताने डबा उघडला आणि मिनतीचा हात घासासकट हवेत थांबला.

"ये कहाँ से लाई?"

"घर में बनाया. क्यों?"

"ये तो ताल पीठा है!" मिनतीने वडी उचलून नाकाशी धरली. "हमारे गाँव में भादों में हर घर में बनता है. मैंने छह साल से नहीं खाया." तिने घास घेतला आणि मान खाली घालून खात राहिली. बाकीच्या बायका बघत राहिल्या. मग ती बोलायला लागली ती थांबेना. तिची आई गर दुधात आटवते, पिठात घालून हंडीत भाजते, आणि सगळ्यांत चांगला म्हणजे तालबरा. गरात तांदळाचं पीठ, नारळ, गूळ कालवायचं आणि छोटे छोटे गोळे तेलात तळायचे.

ललिताने संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा रवींद्र जेवता जेवता थांबला. नाव होतं, ताल म्हणजे ताडच! फक्त ते इथे नव्हतं, दीड हजार किलोमीटर लांब होतं. आणि तळायची कल्पना आजीला ठाऊक असेल का? ज्या गोष्टीवर सगळा अंजूर हसतो ती कुठेतरी घरोघरी होते, हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी दोघं पुन्हा अंजूरला गेली. ताडांखाली आता फळं उरली नव्हती. आजीकडे घरात शेवटची दोन होती, आणि एकाचा गर तिने आदल्या रात्रीच टांगून ठेवला होता. ती पडवीत बसली होती. रवींद्रने सगळं सांगितलं, ओडिशा, मिनती, घरोघरी, ताल पीठा. त्याला वाटलं होतं तिला अभिमान वाटेल. तिने नावाकडे लक्षच दिलं नाही.

"तिकरंबी तार हाय?" तिने डोळे मोठे करून विचारलं.

"खूप आहेत म्हणे."

"नि तेलात तलतात? फुटत न्हाय तेलात?"

"ते काही विचारलं नाही," ललिता म्हणाली.

"तं इचार ना! नंबर हाय ना तिचा?"

शुक्रवार होता, मिनती घरीच होती. ललिताने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि परातीच्या शेजारी ठेवला. आजीने आधी फोनकडे संशयाने बघितलं, मग त्याच्यावर वाकून मोठ्याने विचारलं, "बाय, तेल मे फुटता नहीं क्या?"

"नहीं माँ, पीठा गाढ़ा रखो. चम्मच से गिरे नहीं, ऐसा," पलीकडून आवाज आला. "और तेल धीमा."

"पीठ कितना?"

"आँख से."

आजी खूश झाली. "आमीबी डोल्यानेच घालतो," तिने ललिताला सांगितलं आणि पिठाची मूठ गरात टाकली. कालवताना ती विचारत राहिली. मिनतीकडचे ताड किती उंच? फळ झाडावरून काढतात की पडू देतात? बाठे टाकतात की पुरतात? पुरतो, मिनती म्हणाली, मोड आला की फोडून आतला पांढरा गर खातो, गोड असतो. "आमीबी!" आजी ओरडली. "राखेत पुरतो आमी!" निम्मं बोलणं आगरीत होतं, निम्मं ओडिया वळणाच्या हिंदीत, आणि मधूनमधून दोघीही एकाच वेळी बोलत होत्या. ललिता सुरुवातीला भाषांतर करत होती, मग तिने सोडून दिलं. गरज उरली नव्हती.

आजीने कढईत चार गोळे सोडले. ते फुटले नाहीत, गरगर फिरत फुगले. पण ती फोनला तोंड लावून काहीतरी विचारत होती आणि झारा तिच्या हातात तसाच होता. गोळ्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या. रवींद्रने झारा तिच्या हातातून काढून घेतला. पहिला घाणा करपलाच, दुसरा त्याने नीट काढला, ताटलीत निथळत ठेवला आणि एक गोळा फुंकर मारून आजीच्या पुढे धरला.

तिने बोलता बोलताच तोंडात टाकला. पहिल्यांदाच बोलणं थांबलं. पलीकडून मिनती विचारत होती, "माँ, कैसा बना? माँ?"

"करू कमी लागतंय," आजी शेवटी म्हणाली. "पन गोर हाय. लय गोर." आणि उरलेला गर पुढे ओढून तिने रवींद्रला पीठ आणखी एक मूठ टाकायला सांगितलं.